शेजारचा ठोकळा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, शवागाराला लागून असलेल्या लांबट खोलीत ताई गेली एकोणीस वर्षं माणसांचे तुकडे कापत होती. हे वाक्य तिच्या धाकट्या बहिणीचं. नव्या ओळखीतल्या कोणी विचारलं, "तुमची ताई काय करते हो?" की धाकटी गंभीर चेहऱ्यानं एवढंच सांगायची आणि समोरच्याची तारांबळ बघत बसायची.

ताईचं खरं काम असं. शस्त्रक्रियेत काढलेला शरीराचा तुकडा बाटलीतून खाली यायचा. ती तो जाळीच्या छोट्या डबीत ठेवायची, डबीवर नंबर घालायची. रात्रभर यंत्र त्यातलं पाणी काढून घ्यायचं. सकाळी ती त्याच्यावर वितळलेलं मेण ओतून ठोकळा करायची, आणि ठोकळ्याचे केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढून कोमट पाण्यावर तरंगवायची. काप काचेवर उचलला, रंगवला, की काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायची आणि वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कोणाचं तरी आयुष्य होत्याचं नव्हतं व्हायचं. किंवा व्हायचं राहायचं.

एकोणीस वर्षांत तिच्या हातून एकाही माणसाचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला नव्हता. त्यासाठी तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दोन सारखे तुकडे एकामागोमाग घ्यायचे नाहीत. स्तनाचे दोन नमुने आले, तर मध्ये एक अपेंडिक्स नाहीतर पित्ताशय. अदलाबदल झालीच, तर स्तनाच्या जागी अपेंडिक्स बघून डॉक्टर ओरडतील. पण स्तनाच्या जागी स्तनच आलं, तर काच गप्प बसते.

तो नियम तिनं एकदाच मोडला. बहिणीसाठी मोडला.

धाकटीच्या छातीतल्या गाठीत सुई घालून काढलेला नमुना त्या बुधवारी चार वाजता खाली आला. साडेचारला यंत्राचं झाकण रात्रभरासाठी लागणार होतं. रीतीप्रमाणे बाटली दुसऱ्या दिवसाच्या रांगेत जायला हवी होती. पण म्हणजे अहवालही एक दिवस उशिरा, आणि त्या एका दिवसात धाकटी घरात काय काय बोलेल ते ताईला माहीत होतं. तिनं बाटली उचलली. त्या दिवसाचा शेवटचा नमुना, नंबर सहाशे चौदा, टेबलावर होता. तोही स्तनाचाच, सुईनं काढलेला, दोऱ्यासारखे तीन तुकडे. अपेंडिक्स, पित्ताशय सगळं केव्हाच यंत्रात गेलेलं. धाकटीचेही तीनच तुकडे होते. ताईनं दुसऱ्या डबीवर सहाशे पंधरा घातला.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले का ग मी तुझ्याकडे?" धाकटी विचारत होती.

"पोचलीस."

"कशी दिसतेय?"

"बारीक झालीयेस," ताई म्हणाली. धाकटी इतकी हसली, की ताईलाही हसू आलं. फोन ठेवून तिनं दोन्ही डब्यांची झाकणं लावली, त्या यंत्रात ठेवल्या आणि हात धुतले.

शनिवारी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत त्यांनी तिला खुर्ची दिली नव्हती, त्यामुळे पुढचं त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सहाशे पंधरा. कर्करोग. शस्त्रक्रिया येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी.

दोघी बहिणी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. ताईनं लग्न केलं नव्हतं. धाकटीचा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, तेव्हापासून ती इथंच होती आणि पडद्यांच्या दुकानासाठी घरी शिवण करायची. ताईनं सांगितलं तेव्हा ती कुठल्याशा हॉटेलच्या बावीस पडद्यांच्या ढिगात बसलेली होती. तिनं ऐकून घेतलं. दातात धरलेली टाचणी काढून नीट डबीत ठेवली.

"आठ राहिलेत," ती म्हणाली. "एवढे संपवते. मग रडते."

आणि खरंच, आठवा पडदा घडी करून झाल्यावर रडली.

रविवारी दोघी चर्चमध्ये उपासनेला गेल्या. आदल्या संध्याकाळी ताईनं पाळकांना कळवलं होतं. त्यांनी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत धाकटीचं नाव घेतलं, तेव्हा तीन-चार माना वळल्या. धाकटी समोरच्या बाकाच्या लाकडाकडे बघत राहिली. नंतर पाळकांनी विचारलं, देवानं केलेल्या उपकाराची कोणाला साक्ष द्यायची आहे का. पुढच्या बाकावरून एक बाई उठल्या. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या. त्यांना सगळी मंडळी ओळखायची, कारण चिकटपट्टी सुटलेलं पार्सल त्यांनी देवाचं असतं तरी घेतलं नसतं.

"मी कोणाला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या छातीत गाठ आली होती. बुधवारी सुई घालून तपासली. काल अहवाल आला. साधी गाठ आहे. माझी दोन मुलं लहान आहेत. प्रभूनं मला त्यांच्यासाठी ठेवलं."

टाळ्या झाल्या. धाकटीनंही वाजवल्या. तीनदा वाजवून थांबली.

ताईनं वाजवल्या नाहीत. बुधवारी. सुई. साधी गाठ. बुधवारी स्तनाचे नमुने दोनच होते. सहाशे चौदा कोण ते तिनं अर्जावर वाचलंही असेल, पण रोजच्या सत्तर नावांत ते नाव तिला या चेहऱ्याला जोडता आलं नव्हतं. आता जोडलं गेलं. आणि त्यासरशी तिला फोन आठवला. फोन वाजला तेव्हा डब्या उघड्या होत्या. तुकडे डब्यांत घातले होते की अजून घालायचे होते? घातले असतील तर कुठले कुठल्या डबीत? तिनं आठवायचा प्रयत्न केला. तिला फक्त स्वतःचं हसणं आठवलं.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "देवाकडं खिडक्या किती आहेत ग? तिची रांग बरी भराभर सरकली."

ताईच्या डोक्यात काही वेगळंच चाललं होतं, आणि ते एखाद्या गणितासारखं स्वच्छ होतं. अदलाबदल झाली असेल, तर धाकटी धडधाकट आहे. तर पुढच्या आठवड्यात एका निरोगी बाईची छाती कापली जाईल आणि दुसरी आजार अंगात वाढवत पार्सलं तोलत बसेल. झाली नसेल, तर सगळं आहे तसंच आहे.

त्या संध्याकाळी पलंगाशी गुडघे टेकून तिनं प्रार्थनेला सुरुवात केली. प्रभू, हे तिचं नसू दे. आणि वाक्य तिथं थांबेना. त्याचा उरलेला भाग आपोआप पुढं आला. त्या दुसऱ्या बाईचं असू दे. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. शेपूट कापून प्रार्थना करता येईना, कारण दोन डब्या होत्या आणि आजार एकीतच होता. मागणं कसंही फिरवलं तरी ते कोणावर तरी जाऊन पडत होतं. ती तशीच उठली. लहानपणापासूनच्या तिच्या आयुष्यात ती पहिली रात्र, की ती आमेन न म्हणता झोपली.

सोमवारी सकाळी ती डॉक्टरांच्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगितलं. नमुना रांगेबाहेर घेतला. सारख्याशेजारी सारखा ठेवला. फोन घेतला.

"डब्या उघड्या असताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही?"

त्या एका शब्दानं तिला जेवढं लागलं, तेवढं ते रागावले असते तरी लागलं नसतं. डॉक्टर म्हातारे होते, कोरडे होते, आणि देवाधर्माचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

"एक विचारू, ताई? अदलाबदल झाल्याची तुम्हाला शंका आहे, की इच्छा आहे?"

"मला आता वेगळं काढता येत नाही," ती म्हणाली.

"हं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुमच्या बहिणीचा रक्तगट?"

"बी."

"त्या बाईंचा?" ते फायलीत बघत स्वतःच म्हणाले, "ओ. नशीब." मग त्यांनी तिला एक जुनी पद्धत सांगितली. रक्तगटाची खूण नुसत्या रक्तात नसते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असते. ठोकळ्याचा काप घेऊन त्यावर बी गटाला चिकटणारं द्रव्य घातलं आणि रंग दिला, तर बी गटाच्या माणसाच्या रक्तवाहिन्या तपकिरी दिसतील, ओ गटाच्या नाही. "शिकत असताना एकदा केलं होतं. आधी माहीत असलेल्या नमुन्यांवर बसवून घ्यावं लागेल. गुरुवार उजाडेल. आणि काप तुम्ही घ्यायचे नाहीत."

"नाही."

"त्या बाईंना आत्ता काही सांगायचं नाही. बहिणीचं तुम्ही बघा."

ताईनं मंगळवारपर्यंत कळ काढली. मंगळवारी संध्याकाळी धाकटी टेबलावर पसरलेल्या कापडाची किनार दुमडत होती, तिथं जाऊन ती समोर बसली आणि बोलायला लागली. बोलणं निम्म्यावर आलं तेव्हा तिनं पाहिलं. धाकटीचा चेहरा एकदम उजळला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी कोणीतरी ढकलावी तसा. हा उजेड आपण दिला आणि गुरुवारी आपल्यालाच विझवावा लागेल, हे ताईला कळलं.

"म्हणजे मला नसेलही?" धाकटीनं विचारलं.

"नसेलही. पण असण्याचीच शक्यता जास्त. आजवर माझी कधी—"

"ते राहू दे. नसेलही ना?" मग तिचे हात थांबले. "मग कोणाला?"

अर्जावरचं नाव बाहेर सांगायचं नसतं. पण धाकटी काही दुधखुळी नव्हती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "पार्सलवाली. आपण टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी."

"तू वाजवल्यास."

"हो, तू कशाला वाजवशील. तू हिशेब मांडत बसली असशील." धाकटी उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. "ताई, मला काय वाटलं सांगू? आत्ता, या मिनिटाला? तिलाच असू दे, असं वाटलं. तिची मुलं शाळेत जातात, माझ्यामागं रडायला एक तू. तरी वाटलं."

"मला तीन दिवस वाटतंय."

"मग आपण दोघी छान."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागं घेत होतं.

"म्हणून मला प्रार्थना होत नाही," ताई म्हणाली. "हे टळू दे म्हटलं, की ते तिच्यावर जातं."

धाकटीनं सुई उचलली, दोरा ओला करून टोक वळलं. "बागेत प्रभूनं तेच मागितलं होतं की. क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आधी. टळू दे म्हणून. घामाघूम होऊन."

"त्याचं वेगळं होतं. ते टळून दुसऱ्या कोणावर जाणार नव्हतं."

"जाणार नव्हतं कसं?" धाकटी सुईच्या भोकाकडे डोळे बारीक करून बघत होती. "त्यानं अंगावर घेतलं नसतं तर सगळ्यांवर गेलं असतं. तुझ्यामाझ्यावर, त्या पार्सलवालीवर. आणि हे ठाऊक असून त्यानं मागितलं. भीती वाटली, मागितलं. मग देवबापानं नाही म्हटल्यावर उठून गेला." दोरा भोकातून गेला. "घे, हा पडदा धर त्या टोकाला. सरळ धर. तुला मेण कापता येतं, कापड नाही धरता येत."

ताईनं टोक धरलं. इतकी वर्षं ती त्या बागेतल्या प्रसंगाचं वाचन ऐकत आली होती, आणि त्या मागण्याला दुसरी बाजू असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. भीतीपोटी असं मागितल्यामुळे प्रभू तिच्यापासून दूर जात नव्हता. उलट ती ज्या जागी अडकली होती तिथं तो आधीच येऊन गेला होता. एवढं तिला कळलं. पण कळून हलकं मात्र वाटलं नाही. गुरुवार अजून दोन दिवसांवर होता.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकापासून बाजूला होऊन तिला जागा दिली. आधी तिनं ठरलेले नमुने पाहिले. बी गटाचा: रक्तवाहिन्यांच्या कडा तपकिरी. ओ गटाचा: कोऱ्या. पद्धत बरोबर चालत होती. मग सहाशे चौदा. रक्तवाहिन्या फिकट निळसर, एकाही कडेवर तपकिरी रंग नाही. मग सहाशे पंधरा.

कडा तपकिरी होत्या. प्रत्येक रक्तवाहिनी कोणी बारीक ब्रशनं गिरवावी तशी. आणि त्या नीटस वर्तुळांच्या मधून वेड्यावाकड्या पेशींच्या रांगा घुसलेल्या होत्या. त्या तिनं आता पहिल्यांदा पाहिल्या. ठोकळा तिचाच होता, पण काचेत बघण्याचं काम कधी तिचं नव्हतं.

"दोनदा केलंय," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही वेळा हेच. तुमची चूक झालेली नाही."

क्षणभर, खरोखर एक क्षणभर, तिला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत एकही नाही. मग तिला त्या बरं वाटण्याची शिसारी आली, आणि त्यापाठोपाठ सगळं अंगावर आलं. धाकटी आजारी होती. ती बुधवारी चार वाजताही आजारी होती, फोनवर हसत होती तेव्हाही.

ताई बाहेर पडली आणि बाटल्या धुवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बेसिनच्या कडेला धरून ती उभी राहिली. वासानं डोळे झोंबत होते. प्रभू, ती म्हणाली, तिला वाचव. वाक्य तिथंच संपलं. त्याच्यामागून दुसरं काही आलं नाही. आता मागताना कोणाकडून काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि किती वेळा ते मोजायचं राहून गेलं. तिच्यासारख्या बाईचं मोजायचं राहणं ही साधी गोष्ट नव्हती.

धाकटीला सांगायला गेली तेव्हा तिनं दार उघडताच ताईचा चेहरा वाचला.

"बी?" तिनं विचारलं.

"बी."

"शाळेत तरी कधी एवढं अचूक उत्तर आलं नाही माझं." तिनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मग एकाएकी तिचा आवाज फाटला. "कशाला सांगितलंस ग मला मंगळवारी? कशाला? दोन दिवस मी बरी होते! दोन दिवस!"

ती आत गेली आणि दार आपटलं. ताई बाहेरच्या खोलीत पडद्यांमध्ये बसून राहिली. अंधार पडता पडता धाकटी बाहेर आली, तोंड न धुता स्वयंपाकघरात गेली आणि दोघींसाठी चहा टाकला.

शनिवारी ताई पोस्टात गेली. जेवणाच्या सुट्टीची पाटी लागायची वाट पाहिली आणि मग पार्सलच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "पाच मिनिटं बोलायचंय. आत्ताच सांगते, तुमची तब्येत ठीक आहे. ते बदललेलं नाही."

बाई तिला मागच्या पायऱ्यांवर घेऊन गेल्या. ताईनं सगळं सांगितलं: दोन डब्या, फोन, रक्तगटाची तपासणी, आता काही शंका उरलेली नाही हेही. आणि शेवटी, ज्यासाठी ती आली होती ते. "रविवारपासून गुरुवारपर्यंत तो आजार तुम्हाला असावा, असं मला वाटत होतं. मला माफ करा."

बाईंचा हात नकळत छातीवर गेला. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. "माझं नक्की साधंच ना?"

"नक्की. दोनदा तपासलं."

त्या पायरीवर बसल्या. रडू आवरल्यावर त्यांना राग आला. "मी तिथं उभी राहून साक्ष देत होते, आणि तुम्ही मागं बसून... हे मला न सांगता चाललं नसतं?"

"चाललं असतं. पण उद्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तुमच्या शेजारी गुडघे टेकायचे आहेत. मला ते जमलं नसतं."

"मग तुमचं जमावं म्हणून मी ऐकायचं?"

यात खोटं काही नव्हतं. "हो," ताई म्हणाली. "तसंच झालं."

बाई उठल्या, स्कर्ट झटकला आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या वेळी त्या पलीकडच्या टोकाला गुडघे टेकून बसल्या आणि एकदाही इकडे पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी सातला धाकटीला आत नेलं. ढकलगाडीवरून जाताना तिनं ताईचं बोट धरलं होतं ते दरवाज्यापाशी सोडवावं लागलं. "भीती वाटतेय ग," ती म्हणाली. बाकी काही विनोद सुचला नाही तिला. ताई बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, सहा पायऱ्यांचं, आणि पाचवी पायरी चुकीची काढलेली होती.

साडेसातच्या सुमारास कोणीतरी शेजारी येऊन बसलं. ताईनं वळून पाहिलं. पार्सलच्या खिडकीवरच्या बाई.

"रजा टाकली," त्या समोर बघत म्हणाल्या. "शनिवारपासून तुमच्यावर चिडलेय मी. अजूनही आहे."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे काय? ऐकून घ्या." त्यांनी पर्सचा बंद दोनदा उघडला, लावला. "त्या रविवारी पाळकांनी तुमच्या बहिणीचं नाव घेतलं ना, मी साक्ष द्यायच्या आधी. तेव्हा मी काय म्हटलं माहितेय मनात? म्हटलं, बरं झालं. कर्करोग तिच्याकडे गेला म्हणजे माझ्याकडे यायचा नाही. जसं काही देवाकडे मंडळीमागे एकच असतो, आणि आमचा वाटून झाला. आणि लगेच उठून मी त्याचे आभार मानले. सगळ्यांसमोर." त्यांचं नाक वाहायला लागलं होतं. "तुम्ही मला येऊन सांगितलंत म्हणून चिडले. मला माझं कोणाला सांगताच येत नव्हतं."

ताईनं रुमाल पुढं केला.

"प्रार्थना करू?" बाईंनी विचारलं.

"करा. माझ्याजवळ एकच वाक्य उरलंय."

बाईंनी डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरुवात केली, आजूबाजूला माणसं असताना. त्यांना प्रार्थना नीट येत नव्हती. एकच गोष्ट तीनतीनदा मागत होत्या, शस्त्रक्रियेचं नाव चुकवत होत्या, मध्येच शिंकत होत्या. पण त्या धाकटीसाठी मागत होत्या, अगदी तिचं नाव घेऊन, आणि स्वतःसाठी काहीच नाही. ताई ऐकत राहिली. तिनं रविवारी जिचं वाईट चिंतलं ती बाई आणि जिनं तिच्या बहिणीचं वाईट चिंतलं ती बाई, एकच होती आणि शेजारी बसून तिचा रुमाल भिजवत होती. देव असेल तर तो आत्ता या बाकावरच असणार, दुसरीकडे कुठं शोधायचा, असं ताईला वाटलं, आणि तिचं एक वाक्य तिनं बाईंच्या प्रार्थनेखाली सरकवून दिलं.

सव्वाअकराला शल्यविशारद बाहेर आले. गाठ निघाली होती. पण काखेतल्या दोन ग्रंथी त्यांना ठीक वाटल्या नव्हत्या. त्याही काढल्या. अहवाल आल्यावर औषधं ठरतील, बहुधा किरणंही. "वर्ष जाईल यात," ते म्हणाले. "वर्ष धरून चला."

दोन ग्रंथींचा अर्थ काय, शंभरातल्या किती जणी पाच वर्षांनी असतात, हे ताईला पाठ होतं. आकडा डोळ्यांसमोर आला. तो तिनं खोडला नाही, आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

धाकटी शुद्धीवर आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते. ताईनं ओला कापूस लावला. धाकटीनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि ताईच्या मागं उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

"पार्सल आलं वाटतं," ती पुटपुटली.

"चिकटपट्टी नीट लावलीय," बाई म्हणाल्या. "घेतलं असतं मी."

धाकटीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग चेहरा आक्रसला. "दुखतंय ग, ताई. फार दुखतंय."

"हो," ताई म्हणाली. होईल सगळं ठीक, असं ती म्हणाली नाही. "मी इथंच आहे."

"तू सकाळपासून खाल्लं नसशील. तोंड बघ कसं झालंय. जा, काहीतरी खाऊन ये." धाकटीचा सुया टोचलेला हात चादरीवरून सरकत बाईंच्या हातापर्यंत गेला. "ही आहे ना."

ताई खाली खानावळीत गेली. दुपारची गर्दी अजून व्हायची होती. तिनं पाव आणि चहा घेतला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. सवयीनं मान खाली झुकली. जेवणाआधीची तिची प्रार्थना आभारानं सुरू व्हायची, आणि आज ती तिथंच अडली. आभार कशाचे? दोन ग्रंथींचे? येणाऱ्या वर्षाचे? तिला खोटं बोलायचं नव्हतं, निदान इथं तरी. चहावर साय धरली. वर एका खोलीत धाकटी दुखणं सोसत होती, आणि तिचा हात एका बाईच्या हातात होता. एवढं खरं होतं. एवढं तिला तपासून पाहायची गरज नव्हती.

तेवढ्याचे आभार तिनं मानले. प्रार्थना फारच लहान झाली. तिच्या शेवटी आमेन म्हणून तिनं पाव मोडला.